यंत्राची पट्टी आणि गळ्याचा सूर

संगणकाने पहिल्यांदा गाणं कधी वाजवलं, असं विचारलं की दोन शहरांची नावं पुढे येतात. ऑस्ट्रेलियात सिडनीला सीएसआयआर मार्क वन नावाचा संगणक होता, त्याच्यावर जेफ हिल यांनी धून बसवली. इंग्लंडात मँचेस्टरच्या फेरांटी मार्क वनवर ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी बसवली. काळ १९५०-५१चा. सिडनीचा आवाज कुणी मुद्रित करून ठेवला नाही, पण ते यंत्र ऑस्ट्रेलियाने मोडीत काढलं नाही. मेलबर्नला ते आजही जपलेलं आहे. मँचेस्टरला उलट झालं. यंत्र राहिलं नाही, पण १९५१मध्ये बीबीसीच्या लोकांनी तिथे जाऊन तबकडी करून घेतली होती, ती राहिली.

फेरांटी मार्क वन हे काही वाद्य म्हणून घडवलेलं यंत्र नव्हतं. चालवणाऱ्या माणसाचं लक्ष वेधायला त्यात एक भोंगा होता. ठरावीक आज्ञा दिली की भोंग्यातून 'टक्' असा आवाज निघे. तीच आज्ञा पुरेशा वेगाने पुन्हा पुन्हा दिली की त्या टकटकीचा सूर होई. सूर बदलायचा तर फेऱ्यातल्या आज्ञा वाढवायच्या किंवा कमी करायच्या, आणि त्या वाढणार-घटणार पूर्ण संख्येतच. त्यामुळे कित्येक सूर नेमक्या जागी लागतच नसत, थोडे अलीकडे नाहीतर पलीकडे पडत. २०१६मध्ये न्यूझीलंडच्या जॅक कोपलंड आणि जेसन लाँग यांनी ती तबकडी तपासली, तेव्हा तिच्यात त्यांना असे सूर सापडले जे त्या यंत्राला काढताच आले नसते. याचा अर्थ तबकडीचाच वेग चुकला होता. यंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही याची चोख नोंद उपलब्ध होती, म्हणून वेग दुरुस्त करता आला आणि ६५ वर्षांनी खरा आवाज ऐकायला मिळाला.

मला या हकिकतीतलं संशोधकांचं कौशल्य तर भावतंच, पण त्याहून जास्त लक्ष जातं ते नोंदींकडे. कुठल्या यंत्रात कुठले सूर बसतात आणि कुठले बसत नाहीत, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि कुणीतरी जपलं होतं. आपल्या संगीताच्या बाबतीत ही दोन्ही कामं अर्धवट राहिली आहेत. डिजिटल संगीताच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत सुरांची जी मोजमापं ठरली, त्यांत रागसंगीताला वळचणीची जागा मिळाली. याचा दोष आपण यंत्राला देत आलो. माझ्या मते तो यंत्राचा कमी आणि आपल्या संस्थांच्या गैरहजेरीचा जास्त आहे. आज गाणी ऐकून गाणी तयार करणाऱ्या प्रणाली बांधल्या जात आहेत, म्हणजे तीच मोजमापं नव्याने आखली जात आहेत, आणि याही वेळी आपल्या सार्वजनिक संस्था त्या कामात नाहीत.

यंत्राचा दोष कमी, हे मी का म्हणतो? कारण संगणकाला मुळात बारा स्वरांचं काहीच बंधन नव्हतं. १९५७मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर आवाज घडवणारा कार्यक्रम लिहिला. त्याच्यावर पहिल्यांदा वाजली ती न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना. मॅथ्यूज यांची पद्धत अशी होती की ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा आकड्यांत मांडायची आणि ते आकडे विजेच्या लहरीत बदलून स्पीकरला द्यायचे. या पद्धतीत पट्ट्या नाहीत, घरं नाहीत. षड्जापासून पंचमापर्यंतची सरळ मींड, म्हणजे न तुटता सरकत जाणारा सूर, हवी असेल तर ती आकड्यांत लिहिता येते, दरबारी रागातला झुलता गांधारही लिहिता येतो. संगणकातून निघू शकणाऱ्या आवाजांना तत्त्वतः मर्यादा नाही, हे मॅथ्यूज यांनी १९६३मध्ये 'सायन्स'मधल्या लेखात मांडलंही होतं.

त्याच सुमाराला, १९६०मध्ये, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कामाला लागला होता. त्याच शहरात गिरगाव-दादरच्या गायनवर्गांत आणि संगीत मंडळांत किराणा, जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा अशा घराण्यांची गायकी भरात होती. विज्ञान आणि गाणं यांच्यात चार-सहा मैलांचंच अंतर होतं. बेल प्रयोगशाळेत मात्र अभियंते आणि संगीतकार एका खोलीत बसत होते, आणि पुढचा सगळा फरक तिथून पडला.

मग या मोकळ्या यंत्रात पट्ट्या आल्या कुठून? बाजारातून. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग १९६७मध्ये सुराला कंप देण्याचे प्रयोग करत होते. कंपाचा वेग आणि खोली वाढवत नेली तेव्हा एका टप्प्यावर कानाला कंप ऐकू येईना, त्याऐवजी नवाच आवाज ऐकू येऊ लागला, कधी घंटेसारखा, कधी पितळी वाद्यासारखा. अमेरिकी ऑर्गन कंपन्यांनी हा शोध नाकारला, जपानच्या यामाहाने घेतला आणि १९८३मध्ये डीएक्स ७ हा कीबोर्ड आणला. तो दीड लाखांहून अधिक खपला. सुराच्या आंदोलनातून सापडलेलं हे तंत्र लोकांच्या हाती पोचलं ते मात्र काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पेटाऱ्यातून. जिथे खरेदीदार होता तिथे पियानो होता, त्यामुळे उत्पादकांनी पियानोसारखं वाद्य केलं. यात कुणाचं कपट नव्हतं.

१९८३मध्येच मिडी आलं. आज घरातल्या लॅपटॉपपासून चित्रपटाच्या स्टुडिओपर्यंत कुठेही कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलतात ते याच भाषेत. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्यांनी एक फार मोठी गोष्ट केली: ही भाषा कुणाही उत्पादकाला विनामूल्य वापरू दिली. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांची वाद्यं त्यामुळे एका तारेने जोडली जाऊ लागली. सार्वजनिक हिताचा असा निर्णय खासगी कंपन्यांनी घेतल्याची उदाहरणं फार नाहीत, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या भाषेत सूर कसा लिहितात ते एकदा जवळून पाहायला हवं. एका सुराचा निरोप तीन आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ १४४, ६०, १००. पहिला आकडा सांगतो की पहिल्या चॅनेलवर सूर सुरू करायचा आहे. दुसरा सांगतो कुठली पट्टी दाबली, तिसरा सांगतो किती जोरात. पट्टी आणि जोर यांना ० ते १२७ असे १२८ आकडे मिळतात. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६१ म्हणजे काळी एक. ६० आणि ६१ यांच्या मध्ये आकडा नाही. आता पांढरी एकचा षड्ज धरून दरबारी लावायचा म्हटलं तर कोमल गांधाराला ६३ हा आकडा मिळतो. दरबारीचा गांधार तिथे नसतो. तो खाली असतो, मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन येतो, आणि एका जागी उभा राहत नाही.

यावर जाणकार लगेच सांगतील की मिडीत सूर वाकवण्याची सोय आहे. आहेच, आणि ती सोय अतिशय बारीक आहे. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात. लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर. नेहमीच्या मांडणीत त्या पायऱ्या वर दोन आणि खाली दोन अर्धस्वरांवर पसरलेल्या असतात, म्हणजे एका अर्धस्वराचे ४,०९६ भाग झाले. कुठल्याही कानाला यापेक्षा सूक्ष्म भेद कळत नाही. तेव्हा 'मिडीत मींड बसत नाही' असं जे आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं ते खरं नाही. अडचण दुसरीकडे आहे. ही वाक एका सुराला लागत नाही, त्या चॅनेलवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागते. त्याच चॅनेलवर तानपुऱ्याचा षड्ज चालू असेल तर गांधार झुलवताना षड्जही झुलतो. चॅनेल सोळा आहेत, प्रत्येक आवाज वेगळ्यावर टाकून मार्ग काढता येतो. १९९२मध्ये वेगळ्या स्वरमेळांसाठी मिडीत अधिकृत तरतूदही झाली. डीएक्स ७च्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक पट्टी सूक्ष्म फरकाने लावता येत होती. हे सगळं होतं, पण ते मेनूच्या आत शिरून, मुद्दाम शोधून वापरावं लागे. कारखान्यातून निघालेलं वाद्य बारा समान अर्धस्वरांत लावलेलंच असे, आणि शंभरातले नव्वद जण वाद्य जसं येतं तसंच वाजवतात. पट्टी हा सूर, आणि मींड हा सुरापासूनचा फाटा, अशी समजूत त्या मांडणीत बसलेली आहे. आपल्या गाण्यात षड्ज-पंचमाचा आधार पक्का असतो, पण एरवी राग ओळखू येतो तो एका स्वराकडून दुसऱ्याकडे कसं जायचं यावरून. मिडीत ही जाण्याची वाट पुरवणीत लिहिली जाते.

इथे हार्मोनियमचा विषय निघणारच, आणि महाराष्ट्राइतका हा वाद दुसऱ्या कुणी जगलेला नाही. बारा पट्ट्यांची पेटी आपल्याकडे परदेशातून आली. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा प्रमाण मानून श्रुती मोजल्या, आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याला बरोबर घेऊन श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी तेच काम वेगळ्या रीतीने पुढे नेलं. दुसऱ्या बाजूला ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीला स्टुडिओबाहेर काढलं, आणि बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. या तीस वर्षांत मैफिलीतून पेटी गेली का? नाही. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी भात्यावरच्या हाताने आणि पट्ट्यांवरच्या बोटांनी तिच्याकडून असं काही काढून घेतलं की गायकांना तिच्यावाचून चैन पडेना.

या इतिहासातून काही जण निष्कर्ष काढतात की तेव्हा काही बिघडलं नाही, आताही बिघडणार नाही. आपलं संगीत सगळं पचवतं. हा युक्तिवाद मला वरवरचा वाटतो. मैफिलीत पेटी गायकाच्या मागून चालते. गायक गांधार लावतो, पेटीवाला तो ऐकतो आणि जिथे पेटीचा गांधार जुळणार नाही तिथे हात आवरतो. काय वाजवायचं नाही हे त्याला कळतं, त्यातच त्याची थोरवी आहे. स्टुडिओतल्या संगणकावर हा क्रम उलटा होतो. आधी पट्ट्यांवर वाजवलेला सांगाडा तयार होतो, मग कानाला हेडफोन लावून गायक त्याच्यावर गातो. १९९७मध्ये ऑटो-ट्यून आलं. तेलसाठे शोधताना जमिनीखालच्या कंपनांचं गणित करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड यांनी ते बनवलं. गळ्यातला सूर जवळच्या पट्टीवर ओढून नेणं हे त्याचं काम. गायकाचा हुकलेला सूर त्याने सावरला जातो. पण जवळची पट्टी कुठली, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. झुलता गांधार त्यातून गेला की रिषभ, गांधार, मध्यम अशा पायऱ्या पडतात किंवा आंदोलन इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. गायनवर्गांतही सूर दाखवणारी मोबाइल ॲप आली आहेत. मुलाने तोडीचा गांधार गुरुजींसारखा अतिकोमल लावला तर ॲपचा काटा तो 'कमी' दाखवतो, आणि पट्टीवरचा लावला की हिरवा दिवा लागतो. नऊ-दहा वर्षांचं मूल हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणार, यात त्याचा काय दोष? पेटी गायकाच्या मागे बसत होती, हे ॲप गुरूच्या जागी बसलं आहे. या फरकाला मी फार मोठा मानतो.

वाद्यं आपल्या माणसांच्या हाती वेळेवर आली तेव्हा काय झालं, तेही पाहू. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ठेकायंत्र आणि टीबी-३०३ हे छोटं बेसयंत्र. त्यांवर भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी तबकडी केली. टीबी-३०३ हे बेस गिटारला पर्याय म्हणून काढलेलं यंत्र. त्या कामात ते साफ अपयशी ठरलं आणि १९८४मध्ये बंद पडलं. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, आणि मींडेत वाढलेल्या माणसाला ती पहिल्या फटक्यात सापडली. त्याच यंत्राचा तोच चिवट, सरकता आवाज पुढे १९८७च्या सुमाराला शिकागोतल्या तरुणांनी वापरला, तेव्हा त्यातून नृत्यसंगीताचा अख्खा प्रकार जन्माला आला. चरणजित सिंग यांची तबकडी इकडे कुणाच्या लक्षातही राहिली नाही. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जगाने त्यांना शोधत येऊन गौरवलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचीही गोष्ट याच वळणाची. १९६९मध्ये गीता साराभाई यांच्या प्रयत्नांतून आणि अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तो डिजिटल नव्हता, पण यंत्रातून संगीत घडवण्याचा देशातला तो पहिलावहिला गंभीर प्रयत्न होता. तिथल्या फिती पुन्हा उजेडात आणल्या त्या ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. दोन्ही वेळा काम आपल्या माणसांचं होतं आणि त्याची किंमत ओळखणारे बाहेरचे होते.

एक प्रयोग मात्र असा झाला की ज्यात क्रम बरोबर होता. १९८०च्या दशकात जेम्स किपेन हे ब्रिटिश संशोधक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. फ्रान्सचे बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी ॲपल टूवर चालणारा 'बोल प्रोसेसर' हा कार्यक्रम लिहिला. तबल्यातला कायदा, म्हणजे विस्तारासाठी बांधलेली मूळ रचना, घ्या: धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. तबलजी यातलेच बोल उलटसुलट मांडत पलटे बांधतो. कुठले बोल चालतात, शेवट कसा साधायचा, तालाच्या भरीव भागानंतर (भरी) हलका भाग (खाली) कसा येतो, हे नियम त्याला पाठ नसतात, हातात असतात. किपेन आणि बेल यांनी ते नियम भाषेच्या व्याकरणासारखे लिहून काढले. त्या व्याकरणातून संगणक नवे पलटे तयार करी. ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार, हा ठीक आहे, हा आमच्याकडे कुणी वाजवणार नाही. मग व्याकरण दुरुस्त करायचं आणि पुन्हा विचारायचं. नियम लिहिले म्हणजे गाणंबजावणं मरतं असं मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा. अंतिम शब्द उस्तादांचा होता आणि यंत्र पुन्हा पुन्हा शिकायला येत होतं, त्यामुळे व्याकरण लिहिल्याने काही हरवलं नाही, उलट उस्तादांच्या हातात काय दडलं आहे ते शब्दांत आलं.

बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांचंही उदाहरण मला असंच मोलाचं वाटतं. ते अभियंता आणि बासरीवादकही, म्हणून १९७९पासून त्यांनी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेट्या आणि पुढचे तानपुरे कलाकारांनी आपलेसे केले. वादकाला काय लागतं हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

श्रुतींच्या बाबतीत थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपली मागणीच चुकीची असेल तर मिळालेलं उत्तरही चुकीचं असेल. बाराच्या जागी बावीस पट्ट्या द्या, ही ती मागणी. १९६३मध्ये जैराझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी वादकांचे प्रत्यक्ष सूर मोजले, तेव्हा एकच स्वर एकाच कलाकाराच्या एकाच वादनात कमी-जास्त होतो असं दिसलं. त्यानंतर मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये बर्नार्ड बेल यांच्या स्वरमापक यंत्रावर काम झालं, सुवर्णलता राव आणि विम फान देर मेर यांनी रागांचे चालते आलेख तयार केले. ते आलेख पाहिले की सलग, वळणं घेत जाणारी रेघ दिसते, ठिपके फार थोडे. देवल यांच्या तळमळीबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वाटतं, की बावीस ठिपके हे बारा ठिपक्यांपेक्षा बरे असले तरी ते ठिपकेच आहेत. मागायची ती रेघ. ती लिहिण्याची ताकद संगणकात १९५७पासून आहे, आणि भातखंडे यांच्या स्वरलिपीत मींडेसाठी स्वरांच्या डोक्यावर कमान काढतात तेव्हाही हीच रेघ कागदावर उतरवण्याची धडपड दिसते.

मग आज ही रेघ कोण गोळा करत आहे? २०११ ते २०१७ या काळात बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांनी 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प चालवला. हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की, चिनी ऑपेरा आणि अरब-अंदलुसी अशा पाच परंपरा त्यात होत्या. आयआयटी मुंबईच्या प्रीती राव आणि आयआयटी मद्रासच्या हेमा मूर्ती यांचा त्यात मोलाचा सहभाग होता. हिंदुस्तानी आणि कर्नाटक मैफिलींचं मुद्रण, त्यासोबत राग, ताल, षड्ज कुठे, सम कुठे अशा नोंदी, हे सारं संशोधकांना खुलं झालं. पैसा युरोपीय संशोधन परिषदेचा. म्हणजे युरोपातल्या करदात्यांनी आपल्या रागांचा खुला संग्रह उभारायला पैसे दिले. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण भारत सरकारची संगीत नाटक अकादमी, आकाशवाणी, राज्याचं सांस्कृतिक खातं आणि जागोजागचे विद्यापीठांचे संगीत विभाग यांना हे आपलं काम वाटू नये, हे मला अतिशय लागतं. ज्या भातखंड्यांनी वकिली सोडून देशभर हिंडून उस्तादांकडच्या बंदिशी मिळवल्या आणि मराठीतून क्रमिक पुस्तकमालिका छापून सामान्य विद्यार्थ्याच्या हाती दिल्या, त्यांच्याच प्रांतात आज हे काम कुणाच्याच यादीत नाही.

आता गाणी बनवणाऱ्या प्रणालींचा प्रश्न. त्यांना जे भरपूर ऐकवलं जातं तेच त्यांना येतं. जगभरचं बरंचसं ध्वनिमुद्रित संगीत बारा पट्ट्यांत बसवलेलं आहे. आपलं जे काही इंटरनेटवर आहे त्याच्या नोंदी नाहीत. राग चुकीचा लिहिलेला, वर्ष नाही, साथीदारांची नावं नाहीत. जुन्या तबकड्यांची तर याहून वाईट अवस्था आहे. '७८'च्या म्हटल्या जाणाऱ्या कित्येक तबकड्या प्रत्यक्षात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. समजा, एखादी ७४ने मुद्रित झाली आणि ७८ने वाजवली, तर सूर जवळजवळ अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गायल्यासारखा ऐकू येतो, तान जलद वाटते, आवाज पातळ वाटतो. आपण त्याच्या गळ्याबद्दल मतं बनवतो ती तबकडी फिरवणाऱ्या मोटरच्या वेगावरून. त्यात भर म्हणून खरखर काढण्याच्या नादात तानपुराही पुसला जातो. मँचेस्टरच्या तबकडीवर जी मेहनत झाली ती इथे कितीतरी सोप्या साधनांनी करता येईल. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर तिचे सूर ठरलेले असतात. ती कुठल्या मापाला लावली होती याचा अंदाज घेतला, त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी ताडून पाहिलं, तर वेग बऱ्यापैकी पक्का करता येतो.

कायद्याचीही मोठी अडचण नाही. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट साठ वर्षांचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या, बालगंधर्वांची सुरुवातीची पदं, जुन्या खयालगायकीचा मोठा ऐवज केव्हाच मोकळा झाला आहे. पदाच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा असतो, तो तपासावा लागेल. पण बंदिशींच्या बाबतीत बहुतेकदा तोही प्रश्न येत नाही.

हयात कलाकारांचं तसं नाही. खुला संग्रह म्हणजे कुणाचंही गाणं कुणीही फुकट उचलावं, असा अर्थ मी करत नाही. २०२४मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी गाणी बनवणाऱ्या प्रणालींच्या कंपन्यांवर दावे ठोकले, कारण त्यांच्याकडे वकील आहेत. मिरजेच्या एखाद्या गवयाकडे किंवा सोलापूरच्या भजनी मंडळातल्या पखवाजवादकाकडे वकील नाही. त्याची संमती घेणं, त्याला मानधन देणं, त्याचं नाव नोंदीत कायम राहील हे पाहणं ही म्हणूनच सार्वजनिक संस्थेची जबाबदारी ठरते. खासगी कंपनीवर ती सोडता येणार नाही.

आपलं संगीत आकड्यांत गेलं तर यंत्राला ते चोरायला सोपं होईल, म्हणून नोंदीच करू नयेत, असंही काही कलाकार म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण नोंदी न केल्याने यंत्रं थांबत नाहीत. ती मिळेल ते, चुकीच्या वेगाचं आणि चुकीच्या नावाचं, शिकतात आणि तेच आपल्या मुलांना परत ऐकवतात. भातखंड्यांनाही बंदिशी छापल्याबद्दल घराण्यांचा रोष पत्करावा लागला. त्यांनी छापल्या, म्हणून आज त्या गायल्या जात आहेत.

सुरुवात लहान ठेवावी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक काम सक्तीचं करावं: प्रत्येक विद्यार्थ्याने कॉपीराइट संपलेली एक तबकडी संग्राहकाच्या परवानगीने घ्यायची, खरखर न काढता तिचं मुद्रण करायचं, वेग तपासायचा, षड्ज किती कंपनांवर आहे ते लिहायचं, राग, ताल, साथीदार, बंदिशीचे शब्द आणि प्रत्येक समेची वेळ नोंदवायची, आपल्या गुरूकडून ती नोंद तपासून घ्यायची आणि खुल्या संग्रहात जमा करायची. त्याच विद्यापीठाच्या संगणक विभागातला एक विद्यार्थी त्याच्या जोडीला द्यायचा. दोघांना गुण एकाच कामाचे मिळावेत.